यंदा मुंग्या जरा जास्तच

"यंदा मुंग्यो जरा जास्तीच आसत," असं म्हणत आत्याने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि ती पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसली. २०२२ ची दिवाळी. मी सकाळच्या गाडीने कुडाळला उतरून, एसटी पकडून दुपारी वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या आमच्या वाडीत पोचलो होतो. आता सात वाजत आले होते. तुळशीपुढे दिवा लागला होता, खळ्यात शेणाचा ओला वास होता, आणि पडवीतल्या चौदा इंची टीव्हीवर काहीही नव्हतं. करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची नुसती वळवळ, आणि पत्र्यावर बारीक पाऊस पडत राहावा तशी खरखर. आत्या त्याच्याकडे बघत वाती वळत होती. बातम्यांच्या वेळेला टीव्ही लावायचा आणि बातम्या संपायच्या वेळेला बंद करायचा हा तिचा शिरस्ता, आणि तो चुकला नव्हता. मी विचारलं, कधीपासून असं होतंय? "पाडव्यापासून," ती म्हणाली. "पाऊस जातलो, मगे येतला." पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते. मी मनात महिने मोजले. एप्रिल, मे, जून... जवळजवळ सात महिने ही बाई रोज संध्याकाळी मुंग्यांसमोर बसत होती.

त्या वर्षी पाडवा २ एप्रिलला होता. ती तारीख माझ्या लक्षात असायचं कारण लाजिरवाणं आहे. त्याच्या दोन दिवस आधी, ३१ मार्चला, दूरदर्शनचे उरलेसुरले ॲनालॉग ट्रान्समीटर, म्हणजे छपरावरच्या साध्या अँटेनाला चित्र पोचवणारे जुन्या पद्धतीचे, बंद होणार असल्याची बातमी मी डोंबिवलीच्या लोकलमध्ये वाचली होती. आधी ऑक्टोबरअखेर १५२, मग डिसेंबरअखेर १०९, आणि आता मार्चअखेर शेवटचे १५१. सीमेवरचे आणि अशाच नाजूक जागचे पन्नासेक तेवढे राहणार. वाचून मला भरून आलं. इतकं की ठाणं येईपर्यंत मी मोबाइलवर एक छान परिच्छेद लिहून काढला. गच्चीवरचा अँटेना, त्यावर बसलेला कावळा, "आलं का?" म्हणून वरून विचारणारे बाबा, "आलं! गेलं!" म्हणून खालून ओरडणारे आम्ही. शेवटी 'गेले ते मुंग्यांचे दिवस' असं काहीतरी. तो मी शाळेच्या ग्रुपवर टाकला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, स्टेटसला ठेवला. बदामांचा पाऊस पडला. एका मित्राने तर डोळे पुसतानाचे तीन चेहरे पाठवले.

आत्याकडे साधा फोन आहे, बटणांचा. तिला स्टेटस दिसत नाही.

मी आठवणींचा गळा काढत होतो त्या वेळी ती वस्तू अजून वापरात होती, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. म्हणजे आत्याकडे केबल नाही हे मला माहीत होतं. नव्वदच्या दशकात वाडीत केबल आली होती. माडामाडांवरून झोके घेत आलेली ती काळी वायर दर पावसाळ्यात तुटायची, आणि शेवटी जोडणाराच यायचा बंद झाला. डिश घे म्हणून मीच दोनदा सांगितलं होतं. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं : महिन्याला पैसे भरून बघण्याएवढं त्यात काय असतं? बातम्या, एखादं कीर्तन, शेतीचं काही लागलं तर ते. एवढं फुकट दिसतंय ना? सगळं मला ठाऊक होतं. तरी ती बातमी आणि आत्या या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. एक गोष्ट 'जुन्या आठवणी'च्या कप्प्यात होती आणि दुसरी 'दिवाळीला गावी जायचं'च्या.

त्या घरात पहिला टीव्ही आला तो १९८५ साली. आतोबा गिरणीत साचेवाले होते. ८२ च्या संपानंतर दोन-तीन वर्षं इकडेतिकडे काढून ते कायमचे गावी आले, आणि येताना त्यांनी परळच्या खोलीतला काळापांढरा टीव्ही आणला. शटरचा, चार पायांचा. परळमध्ये तो डोळे मिटून चालायचा, कारण वरळीचा ३०० मीटरचा मनोरा तिथून हाकेच्या अंतरावर. चाळीतले लोक खिडकीच्या गजाला तार बांधून मुंबई केंद्र बघत. पुण्याच्या आमच्या नातेवाइकांकडे सगळ्या गच्च्यांवरचे अँटेना एकजात सिंहगडाकडे तोंड करून उभे असायचे, वारीत उभे राहिल्यासारखे. वेंगुर्ल्यात मात्र कुणाकडे तोंड करायचं हाच प्रश्न होता. मुंबई आवाक्याबाहेर. जवळ काय तर पणजी, तीही डोंगर-खाड्या ओलांडून. ट्रान्समीटरच्या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात, आडवं काही आलं की अडतात. आणि आमच्याकडे आडवं यायला कमी काय आहे! घराच्या चारी बाजूंना माड, त्यांच्यामागे घाटी, तिच्यामागे आणखी माड.

आतोबांनी एक लांब, सरळ पोफळ तोडून तिचा सोट घराच्या मागच्या बाजूला उभा केला. त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमचा अँटेना, आणि तिथून चपटी तपकिरी वायर कौलांच्या फटीतून आत. खाली सोट जमिनीत पुरलेल्या पाइपात सैलसर बसवलेला, आणि कमरेच्या उंचीवर त्याला एक आडवी खुंटी ठोकलेली. ती खुंटी दोन्ही हातांनी धरून रहाट फिरवल्यासारखा अख्खा सोट फिरवायचा. छपरावर चढायचं कामच नाही. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस, अशा गोष्टी त्यांना आपोआप सुचायच्या. ते सोट फिरवत, मी मे महिन्याच्या सुट्टीत आलेला मुंबईकर भाचा मागच्या दारात, आणि आत्या पडवीत. "वायच उजवीक!" "इला!" "गेला!" "रव थंय! हलव नको!" त्यांना चित्र दिसत नसे, तिला सोट दिसत नसे, आणि मला दोन्ही दिसत नसे. माझं काम फक्त निरोप्याचं. एवढं करून जे यायचं ते आजच्या भाषेत 'चित्र' म्हणण्यासारखं नसायचं. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा, त्यांच्या उजवीकडे त्यांचाच आणखी एक फिकट चेहरा (टेकडीवर आपटून किंचित उशिरा पोचलेली तीच लहर), आणि दोघींवरून फिरणाऱ्या मुंग्या. पण आवाज मात्र स्वच्छ. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या लहरींवर यायचे आणि त्यातला आवाज चिवट. चित्र पार बुडालं तरी बाई आपल्या बोलतच असायच्या.

आत्याने या मुंग्यांचे प्रकार पाडले होते. बारीक, सरसर धावणाऱ्या त्या मुंग्या. त्यांचं काही नाही, थोडं थांबलं की ओसरतात. जाड, टपोरे ठिपके म्हणजे डोंगळे. डोंगळे दिसले की खुशाल टीव्ही बंद करावा. आडव्या रेघा मारत जाणारी पांढरी टिंबं म्हणजे रस्त्यावरून फटफटी गेली. पडद्याच्या मधोमध जाड पट्टा सरकायला लागला की खालच्या आळीत विहिरीवरची मोटर सुरू झाली. मला आठवतं, एकदा ती पडद्याकडे बघत सहज म्हणाली, "आज लवकर शिपणा लावल्यानी," आणि मी खरंच जाऊन बघितलं तर खालच्या बागेत पाणी सुटलं होतं. दिल्लीच्या बातम्या आणि शेजारचं शिंपण एकाच काचेवर दिसायचं. आता बसून विचार केला की वाटतं, दूरदर्शन हे नाव त्या टीव्हीला अर्धंच लागू होतं. जवळचंही त्यात बरंच दिसायचं.

एक रात्र तर विसरता येत नाही. वैशाख होता. वारा पडलेला, समुद्र तव्यासारखा सपाट, अंगाला घाम चिकटलेला. खळ्यात खाटा टाकून सगळे पडलो होतो आणि आत टीव्ही कुणी बंद करायचा यावर आळस चालला होता. पणजीचं बराच वेळापूर्वी गेलं होतं, डोंगळे चालू होते. तेवढ्यात खरखर हळूहळू विरत गेली आणि डोंगळ्यांमधून एक बाई वर आली. पाण्यातून वर यावी तशी. डोक्यावर ओढणी, समोर कागद, काहीतरी वाचत होती. खाली अक्षरं सरकत होती ती उलट्या दिशेने. अख्खी वाडी जमली. कुणी म्हणालं कराची, कुणी म्हणालं दुबई. मस्कतला चार वर्षं काढून आलेला एकजण होता, त्याने कान लावून ऐकलं आणि निकाल दिला : अरबी आहे. दहा-पंधरा मिनिटं ती बाई आमच्याकडे बघून वाचत होती आणि आम्ही तिच्याकडे बघत होतो. मग डोंगळ्यांनी तिला पुन्हा झाकून टाकलं. पुढे कॉलेजात मला याचं कारण कळलं. उन्हाळ्यात समुद्रालगतच्या थंड हवेवर गरम हवेची चादर पसरते, आणि लहरी त्या दोन थरांमध्ये सापडून पन्हळीतून पाणी वाहावं तशा दीड-दोन हजार किलोमीटरही जातात. कोकण किनाऱ्याच्या थेट समोर ओमान आहे. कारण कळून ती बाई काही कमी विलक्षण झाली नाही. आत्या अजून तिला 'ती समुद्रावरची' म्हणते.

पुढचा काळ भराभर गेला. ८४ पासूनच अशी धांदल होती की एके काळी देशात दिवसाला एक ट्रान्समीटर उभा राहत होता. त्यातला एक छोटा कधीतरी आमच्या बाजूलाही आला, आणि आतोबांनी सोटाचं तोंड पणजीवरून तिकडे फिरवलं. रंगीत संच आला. आतोबा गेले. मुंबईत आम्ही केबलवर गेलो, २०१२ च्या दिवाळीच्या तोंडावर केबलही सेट-टॉप बॉक्समधून यायला लागली, आणि टीव्हीवर मुंग्या दिसणं हा आमच्यापुरता इतिहास झाला. माझ्या मुलीला मुंग्या म्हणजे काय हे मी समजावून सांगायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे लोड होत नाहीये?" मी हो म्हणालो. काय सांगणार.

हवेतून येणारं डिजिटल चित्र मी स्वतः एकदाच पाहिलं. २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबई-औरंगाबादसह सोळा शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचं प्रक्षेपण सुरू केलं; अंगठ्याएवढा डोंगल मोबाइलला लावायचा, त्याची टाचणीएवढी तार लांब करायची, आणि इंटरनेटशिवाय, पैशांशिवाय टीव्ही बघायचा. मी लगेच मागवला. नवं काही दिसलं की मागवायचं, हा माझा दोष. दादरच्या ऑफिसच्या खिडकीत उभा राहून तार लांब केली आणि दूरदर्शनच्या पाच वाहिन्या लख्ख उभ्या राहिल्या. ॲनालॉगमध्ये जेवढ्या जागेत एक वाहिनी मावायची तेवढ्यात आता ही अख्खी बिऱ्हाडं मावली होती. खिडकीपासून दोन पावलं आत आलो तर चित्राचे चौकोन झाले, तिसऱ्या पावलाला काळं. पुन्हा दोन पावलं मागे, पुन्हा लख्ख. मधलं काही नाही. इंग्रजीत या प्रकाराला 'डिजिटल क्लिफ' म्हणतात. आपल्या भाषेत टकमक टोक म्हणायला हरकत नाही. येणारे एक-शून्य पुरेसे असतील तर यंत्र चुका दुरुस्त करून अस्सल चित्र उभं करतं, आणि ते एका मर्यादेखाली गेले की काहीच उभं करत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "सर, यूट्यूबवर नाही का हे?" डोंगल खणात गेला. अजून तिथेच असेल. आता सिमकार्डाशिवाय थेट मोबाइलवर प्रक्षेपण आणायचे प्रयोग चालू आहेत, आयआयटी कानपूर त्यात आहे, असं वाचतो तेव्हा मला त्या खणाची आठवण येते.

पण आत्याच्या गावाला डीव्हीबी-टी२ चा ट्रान्समीटर नव्हता. आपल्याकडे बहुतेक गावांत जुनं गेलं त्या जागी हवेतलं नवं आलंच नाही. त्याऐवजी आभाळातून, म्हणजे उपग्रहाच्या डिशवरून, बघा असं सांगण्यात आलं. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. छपरावरचा अँटेना वापरणारे उरले होते किती? एवढे ट्रान्समीटर, त्यांची वीज, त्यांची माणसं, कुणासाठी पोसायची? त्या खात्यातला कारकून असतो तर मीही सही केली असती. फक्त त्या 'किती उरले होते'मध्ये आमची आत्या होती, आणि ती कुणाला मोजताना दिसली नसणार.

त्या सात महिन्यांत काय काय झालं ते मला दिवाळीच्या तीन दिवसांत तुकड्यातुकड्यांनी कळलं. पाडव्याच्या आसपास चित्र गेलं तेव्हा आत्याला वाटलं, अँटेना हलला. तसं वाटायला कारण होतं. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमच्या किनाऱ्याला झोडपलं तेव्हा आतोबांचा तो सोट मोडला होता. त्या जागी लोखंडी पाइप आला, तारेने वाशाला बांधलेला, आणि तो आत्याच्या मते कधीच नीट बसला नव्हता. मग शेजारच्या पोराला बोलावलं. बारावीतला मुलगा, गुणी. तो पाइप फिरवायचा, ती पडवीतून सांगायची. उत्तर, दक्षिण, घाटाकडे, समुद्राकडे. "कधी कधी वाटा, वायच कायतरी दिसला," आत्या म्हणाली. मग पोराने वायर बदलली. मग कुडाळहून कुणीतरी नवा बूस्टर आणला, साडेतीनशे रुपयांचा. मग पाऊस लागला आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता श्रावणानंतर बघू. श्रावणानंतर चतुर्थी आली, आरत्यांच्या गडबडीत राहिलं. पोरगा मला म्हणाला, "काका, मी गुगल पण केलं होतं, टीव्हीवर मुंग्या येतात काय करावं. अँटेना तपासा असंच लिहिलेलं."

सात महिने तो मुलगा एका नसलेल्या गोष्टीकडे अँटेनाचं तोंड फिरवत होता. आणि ती गोष्ट नाही हे माहीत असलेला, त्यावर परिच्छेद लिहिलेला माणूस दर रविवारी आत्याला फोन करून "बाकी सगळं बरं ना?" विचारत होता. ती म्हणायची, बरं. टीव्ही बिघडलाय हे कुठे सांगण्यासारखं?

मी तिला सांगितलं तेव्हा तिने वाती वळणं थांबवलं. "बंद केल्यानी? म्हणजे थंयसूनच?" हो, तिथूनच. "कायमचा?" हो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं आता चिडेल. "मगे माका कोणी सांगूक नाय ता," एवढंच म्हणाली, आणि तेही तक्रारीच्या सुरात नाही. लग्नाचं बोलावणं पोस्टात हरवलं असेल अशा सुरात. त्या रात्री झोप येईना म्हणून मी मोबाइलवर बाकीच्या जगात काय झालं ते वाचत बसलो. अमेरिकेने १२ जून २००९ ला मोठी ॲनालॉग केंद्रं बंद केली, त्याआधी बॉक्स घ्यायला घरटी चाळीस-चाळीस डॉलरची दोन कूपनं दिली, आणि लोकांची तयारी नाही म्हणून ठरलेली तारीख चार महिने पुढेही ढकलली. जपानने २०११ च्या जुलैमध्ये बंद केलं, पण भूकंप आणि त्सुनामीने मोडलेल्या तीन प्रांतांना पुढच्या मार्चपर्यंत मुदत दिली. ब्रिटनमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांसाठी वेगळी मदत योजना होती, घरी येऊन बॉक्स जोडून द्यायची. आत्या तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची होती. वाचून मला सरकारचा राग यायला हवा होता. पण घरी येऊन जोडून देणारा माणूस म्हणजे ब्रिटनमध्ये जो कोणी असेल तो. आमच्याकडे तो भाचाच असतो, हे आपल्याकडे सगळ्यांना न सांगता माहीत असतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी डिश आली. दूरदर्शनचीच, फ्री डिश, महिन्याचे पैसे नाहीत. एकदाच काय ते दीड-दोन हजार. २००४ पासून आहे ती. म्हणजे अठरा वर्षं हे बसवता आलं असतं. बसवणाऱ्याने मोबाइलवरचं होकायंत्र काढलं आणि आग्नेयेला बोट केलं. तिथे बरोबर मधोमध माड. आतोबांच्या हातचा. उपग्रह काही डोंगराआड लपत नाही, आभाळात चांगला साठ अंश वर असतो, पण माडही काही कमी उंच नव्हता. "ह्यो काढूचो लागतलो," बसवणारा म्हणाला. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने लगेच दुसरी जागा शोधली. गोठ्याच्या जुन्या चौथऱ्यावर, दोन माडांच्या फटीतून आभाळाचा सुपाएवढा तुकडा दिसत होता तिथे. टीव्हीवर दोन पट्ट्या आल्या, एक तीव्रतेची, एक गुणवत्तेची. मी पुन्हा मागच्या दारात, निरोप्या. "वायच वर!" "चाळीस!" "आणखी!" "पंचावन्न... गेला!" आकड्यांत ओरडायचं एवढाच फरक. मग पट्टी हिरवी झाली आणि सह्याद्री वाहिनी आली.

आत्या पुढे सरकून बघत राहिली. स्वच्छ, स्थिर, कडा कापल्यासारखं चित्र. निवेदकाच्या कपाळावरची आठी दिसत होती. "ह्यो मेलो म्हातारो झालो," ती म्हणाली. सात महिन्यांत माणूस तेवढा म्हातारा होत नाही. त्याच्या सुरकुत्यांवरून आजवर मुंग्या फिरत होत्या, एवढंच. तिने बराच वेळ बघितलं. रिमोट दोन-दोन झाले म्हणून कुरकुर केली. बातम्या सुरू झाल्या तेव्हा सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आतोबा टीव्हीच्या ठोक्यावर घड्याळ लावायचे. मी तिला सांगणार होतो की आता ते बरोबर यायचं नाही. सिग्नल छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन तेवढाच खाली येतो, वर बॉक्सला आकडे उलगडायला वेळ लागतो, त्यामुळे टीव्हीतले सात आपल्या सातच्या काही सेकंद मागे असतात. नाही सांगितलं. मी त्या दिवशी बरंच काही न सांगायला शिकत होतो.

पुढच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस लागला आणि तिचा फोन आला. टीव्ही गेला. आधी चौकोन झाले, मग चित्र थिजलं, मग निळ्या पडद्यावर 'सिग्नल नाही'. मी म्हटलं, मोठ्या पावसात असं होतं, थेंब लहरी पिऊन टाकतात, पाऊस कमी झाला की येईल. ती म्हणाली, "आधी अर्धा तरी दिसत होता." मी गप्प. "आणि बाईचो आवाज तरी येत होतो. ह्या एकदम तोंड मिटून बसता." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोकणातल्या पावसात, वीज असेपर्यंत, अर्धवट का होईना कुणीतरी बोलत असणं म्हणजे काय हे मला डोंबिवलीत बसून कळलं असं म्हणणं खोटं होईल.

गेल्या गणपतीत गेलो तेव्हा एक गोष्ट दिसली. रात्री बातम्या संपल्या, तिने बॉक्सचा रिमोट खाली ठेवला, टीव्हीचा जुना रिमोट उचलला आणि एक बटण दाबलं. पडदा करड्या ठिपक्यांनी भरून गेला, खरखर सुरू झाली. मला वाटलं चुकून दाबलं. उठून बदलायला लागलो तर तिने हाताने थांबवलं. मिनिटभर, फार तर दोन मिनिटं ती बघत होती. मग टीव्ही बंद केला. "काय गं?" मी विचारलं. "काय नाय. बघतंय रोज वायच." बाहेर लोखंडी पाइप होता तसाच वाशाला बांधलेला होता. भंगारवाला त्यावरचा अँटेना दोनदा मागून गेला, ॲल्युमिनियमला भाव चांगला आहे म्हणे. तिने दिला नाही.

या मेमध्ये तिचा फोन आला, रात्री साडेनऊला. एवढ्या उशिरा ती करत नाही, म्हणून मी घाबरून उचलला. तब्येत बरी होती. उकाडा फार आहे, वारा नाही, समुद्र नुसता पडून आहे, आंबे उतरवायला माणूस मिळत नाही, असं बरंच बोलली. मग म्हणाली, "आज त्या मुंग्यांत वायच आवाज इल्यासारखो वाटलो."

आता कुणाचा आवाज येणार? तिथले ट्रान्समीटर बंद, समुद्रापलीकडचेही बहुतेक केव्हाच डिजिटल झालेले. जुन्या संचाला त्यातलं काही उलगडणार नाही. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

"कसला आवाज?" मी विचारलं.

"बाईचो. कायतरी वाचीत होती."

"किती वाजता?"

"आता, नऊक. तू कधी येतलंस? पाइप वायच समुद्राकडे फिरवून बघूक होयो."